छप्पर गळतंय, मत द्या

१० मार्च १९३३. संध्याकाळचे सहा वाजायला पाच-सहा मिनिटे होती. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेकडच्या लाँग बीच परिसरात ६.४ तीव्रतेचा भूकंप झाला आणि शे-सव्वाशे माणसे दगावली. दुसऱ्या दिवशी ढिगारे पाहत हिंडणाऱ्यांच्या लक्षात आले की सर्वांत जास्त पडझड शाळांची झाली आहे. विटांच्या भारदस्त इमारती, पण आत लोखंडाचा आधार नाही. ७० शाळा भुईसपाट झाल्या होत्या आणि आणखी १२० शाळांना मोठे तडाखे बसले होते. मुले घरी होती म्हणून वाचली. हाच धक्का दुपारी दोनला बसला असता तर काय झाले असते, हे पालकांना कुणी समजावून सांगावे लागले नाही. बरोबर एका महिन्यात, १० एप्रिलला, कॅलिफोर्नियात फील्ड कायदा आला. सरकारी शाळेचा आराखडा राज्याच्या तज्ज्ञांनी तपासायचा, बांधकामावर तपासनीस हजर ठेवायचा. या कायद्याखाली बांधलेली एकही शाळा त्यानंतर भूकंपात कोसळलेली नाही.

शाळा कशी बांधावी हे कायद्याने सांगितले. पैसे कुठून आणावेत, हा प्रश्न मात्र गावागावांवर राहिला आणि आजही तिथेच आहे. अमेरिकेत शाळेचे छप्पर बदलायचे, जुन्या नळांतले शिसे काढायचे, वर्गांच्या दारांना आतून लागणारी कुलपे बसवायची, तर बहुतेक ठिकाणी त्यासाठी मतदान घ्यावे लागते. आपल्याला ऐकायला हे चमत्कारिक वाटते. मलाही वाटले. पण त्यात शिरल्यावर दिसते की हा प्रकार एकाच वेळी लोकशाहीचा उत्तम नमुना आहे आणि डागडुजीसारख्या कामाला साफ गैरसोयीचाही.

आधी यंत्रणा समजून घेऊ. तिथे शाळा नगरपालिकेच्या ताब्यात असतातच असे नाही. बहुतेक ठिकाणी ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ नावाची स्वतंत्र संस्था असते. तिची हद्द वेगळी, तिचे निवडून आलेले मंडळ वेगळे. पगार, पुस्तके, बस हा रोजचा खर्च वार्षिक अंदाजपत्रकातून भागतो. इमारतींसाठी मात्र मंडळ कर्जरोखे काढते, आणि ते फेडायला हद्दीतल्या घरमालकांवर पंचवीस-तीस वर्षे जादा मालमत्ता कर बसतो. म्हणून मतदारांची परवानगी लागते. राज्य काही भर घालते, कुठे निम्मी, कुठे काहीच नाही. केंद्र सरकार या खर्चातून जवळजवळ अंग काढून आहे.

कॅलिफोर्नियाचेच उदाहरण धरतो, कारण या प्रश्नाची सगळी वळणे तिथे सापडतात. १९७८ साली तिथल्या मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ मंजूर केले. मालमत्ता कर खरेदी किमतीच्या एक टक्क्यावर बांधला गेला आणि करासाठी धरलेली किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढणार नाही असे ठरले. या तडाख्यात शाळांचे स्थानिक कर्जरोखे काही वर्षे बंदच पडले. १९८६ मध्ये ती वाट पुन्हा उघडली, पण दोन-तृतीयांश मतांच्या अटीवर. या अटीचा अर्थ काय होतो ते लॉस एंजेलिसने १९९६ च्या नोव्हेंबरात अनुभवले. शाळादुरुस्तीच्या २.४ अब्ज डॉलरच्या रोख्यांना ६५.५ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटले आणि प्रस्ताव पडला. पुढच्या एप्रिलात तोच प्रस्ताव पुन्हा आणला, तेव्हा तो पार झाला. मधले पाच महिने छपरे गळत राहिली.

मग २००० साली अट उतरवून ५५ टक्क्यांवर आणणारे ‘प्रपोझिशन ३९’ आले. गंमत अशी की त्याला स्वतःला ५३ टक्क्यांच्या आसपासच मते पडली. घटनादुरुस्तीला साधे बहुमत पुरते म्हणून ते मंजूर झाले, स्वतःच घातलेली अट मात्र त्याला पार करता आली नसती. ही सवलत फुकट मिळाली नाही. कामांची यादी आधी जाहीर करायची, पगारावर पैसा घालायचा नाही, दरवर्षी हिशेबतपासणी करायची आणि नागरिकांची देखरेख समिती नेमायची, अशा अटी तिच्यासोबत आल्या. तेव्हापासून तिथले बहुतेक स्थानिक प्रस्ताव मंजूर होतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये एकट्या लॉस एंजेलिसच्या मतदारांनी ९ अब्ज डॉलरचे रोखे मान्य केले, आणि त्याच दिवशी राज्यभराच्या मतदारांनी शाळा-महाविद्यालयांसाठी आणखी १० अब्जांना होकार दिला. त्याआधी मार्च २०२० मध्ये राज्याचा १५ अब्जांचा प्रस्ताव मात्र पडला होता. योगायोगाने त्यालाही १३ हाच क्रमांक मिळाला होता. १९७८ चे आपले लाडके १३ कुणीतरी मोडायला निघाले आहे, असे काही मतदारांना वाटले असावे, अशी चर्चा तेव्हा बरीच झाली.

आता ती मतपत्रिका जरा जवळून पाहू. निवडणुकीच्या महिनाभर आधी ती घरोघरच्या टपालपेटीत येते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडली की लांबलचक कागद. राष्ट्राध्यक्षापासून पाणीमंडळाच्या सदस्यापर्यंत नावे, आणि पार शेवटाकडे ‘मेझर’ या शब्दापुढे एक इंग्रजी अक्षर. त्याखाली फार तर ७५ शब्दांचा प्रश्न. कायदाच तशी मर्यादा घालतो, म्हणून हे ७५ शब्द लिहिणारे सल्लागार असतात आणि त्याआधी कोणता शब्द चालतो याची पाहणीही झालेली असते. साचा साधारण असा: गळकी छपरे दुरुस्त करण्यासाठी, अ‍ॅस्बेस्टॉस व शिसे काढण्यासाठी, जुनी विजेची वायरिंग बदलण्यासाठी, शाळा सुरक्षित करण्यासाठी अमुक डिस्ट्रिक्टने इतक्या कोटींचे रोखे काढावेत काय, दर लाखामागे इतका कर, इतकी वर्षे, स्वतंत्र देखरेखीसह. छप्पर पहिले येते, क्रीडासंकुल यादीच्या पोटात कुठेतरी. टेक्सासने याच्या उलट टोक गाठले आहे. तिथे २०१९ पासून शाळेच्या प्रत्येक रोखे-प्रस्तावावर ‘ही मालमत्ता करातील वाढ आहे’ असे ठळक वाक्य छापावे लागते, कराचा दर प्रत्यक्षात वाढणार नसला तरीही. एका राज्यात शाळेला शब्द निवडायची मुभा, दुसऱ्या राज्यात सरकारने शाळेच्या तोंडी घातलेला शब्द.

मत कुठे बसून देतो याचाही परिणाम होतो म्हणतात. अ‍ॅरिझोनात २००० साली शिक्षणासाठी विक्रीकर वाढवायचा की नाही यावर मतदान झाले. संशोधकांनी नंतर केंद्रनिहाय मते तपासली, तर शाळेत मतदान केलेल्यांमध्ये पाठिंबा सुमारे दोन टक्क्यांनी जास्त निघाला. आता मतपत्रिका टपालाने येते, तेव्हा मतदारासमोर शाळेची भिंत नसते. असतो तो बिलांचा गठ्ठा.

प्रचाराचीही एक गंमत आहे. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच ठरवून दिले आहे की सरकारी पैशातून माहिती देता येईल, ‘हो म्हणा’ असे सांगता येणार नाही. त्यामुळे मुख्याध्यापक गळक्या वर्गाचा फोटो दाखवू शकतात, पण त्याखाली मत मागू शकत नाहीत. ते काम पालकांची वेगळी समिती करते. समितीला देणग्या देणाऱ्यांत वास्तुविशारद, बांधकाम कंपन्या आणि रोख्यांचा व्यवहार करणाऱ्या पेढ्या मोठ्या संख्येने असतात. कर्जातून ज्याला काम मिळणार, तोच कर्जाच्या प्रचाराला पैसे देतो. बेकायदा नाही, पण नाकाला वास येतोच.

आणि वास उगाच येत नाही. सॅन डिएगोजवळच्या पोवे डिस्ट्रिक्टने २०११ मध्ये सुमारे १०.५ कोटी डॉलर असे उचलले की पहिली वीस वर्षे हप्ताच नाही. कर वाढला नाही म्हणून मतदार खूश. फेड मात्र जवळजवळ १०० कोटींवर जाणार होती. हे उघड झाल्यावर राज्याने २०१३ मध्ये असल्या रोख्यांना वेसण घातली: मुदत २५ वर्षांपर्यंत आणि फेड मुद्दलाच्या चौपटीपेक्षा जास्त नाही. चौपट ही मर्यादा म्हणून घालावी लागली, यावरून आधी काय चालले होते ते समजावे. त्याच वर्षी लॉस एंजेलिसने बांधकामाच्या रोख्यांतून मुलांसाठी आयपॅड घ्यायला सुरुवात केली. तीन-चार वर्षांत जुने होणारे यंत्र आणि पाव शतक चालणारे हप्ते. योजना पुढे गुंडाळावी लागली. पुढच्या वेळी कुणी गळक्या छपरासाठी मत मागायला आला की लोकांना आयपॅड आठवतात, हे त्या प्रकरणाचे खरे नुकसान.

माझ्या मते या सगळ्या चर्चेतली सर्वांत मोलाची गोष्ट संशोधनातून आली आहे. एखादा प्रस्ताव ५५.३ टक्क्यांनी पास होतो, शेजारचा ५४.८ ने पडतो. दोन्ही गावे जवळपास सारखीच असतात, फरक फक्त पैसा मिळाला की नाही एवढाच. या योगायोगाचा उपयोग करून सेलिनी, फेरेरा आणि रॉथस्टीन यांनी २०१० मध्ये दाखवले की कॅलिफोर्नियात रोखे मंजूर झालेल्या भागात घरांच्या किमती वाढतात. मुलांच्या गुणांवरचा परिणाम मात्र त्यांना अंधुक दिसला. पुढे बियासी, लाफॉर्च्युन आणि शॉनहोल्झर यांनी अनेक राज्यांची आकडेवारी घेऊन खर्चाची फोड केली, आणि तिथे चित्र स्वच्छ झाले. हवा खेळती ठेवणारी आणि गरम-थंड करणारी यंत्रणा, प्रदूषक काढून टाकणे, अशा कामांनी मुलांचे गुण वाढतात, घरांच्या किमती वाढत नाहीत. खेळाची मैदाने आणि स्टेडियम यांनी घरांच्या किमती वाढतात, गुण वाढत नाहीत.

घर विकत घ्यायला आलेले कुटुंब हवेच्या नळ्यांत डोकावत नाही, ते मैदान पाहते. मतदार हाही घरमालकच असतो. म्हणजे ज्या कामाचा मुलाला उपयोग, त्याचे मतदाराच्या डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही, आणि जे उभे राहते त्याचा मुलाच्या अभ्यासाशी फारसा संबंध नसतो. २०२० मध्ये अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयाने देशभर पाहणी केली, तेव्हा ४१ टक्के डिस्ट्रिक्टांना आपल्या निम्म्या किंवा अधिक शाळांत हीच हवेची यंत्रणा बदलायची किंवा सुधारायची होती. अशा शाळांची संख्या सुमारे ३६,०००. न दिसणारे काम मागे राहते ते असे.

ते पुढे येते ते बहुधा संकटानंतर. ओरेगनमधल्या पोर्टलंडने २०११ मध्ये शाळांच्या रोख्यांना थोडक्यात नकार दिला होता. २०१६ मध्ये शाळांच्या पिण्याच्या पाण्यात शिसे निघाले, ते पालकांना उशिरा कळले, आणि पुढच्याच वर्षी ७९ कोटी डॉलरचा प्रस्ताव दणक्यात मंजूर झाला. कनेटिकटमधल्या न्यूटाउनमध्ये डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हुक शाळेत वीस मुले आणि सहा मोठी माणसे गोळीबारात मारली गेली. ती इमारत पाडून नवी बांधण्यासाठी राज्याचे पाच कोटी डॉलर स्वीकारायचे का, यावर गावात ऑक्टोबर २०१३ मध्ये मतदान झाले: ४,५०४ विरुद्ध ५५८. तिथे शोक मोठा होता हे खरेच, पण पैसा राज्याचा होता आणि गावावर कर बसणार नव्हता, हेही विसरू नये. त्यानंतर देशभरच्या प्रस्तावांत कुलपे, कॅमेरे, एकच प्रवेशद्वार ही कलमे हमखास दिसू लागली. बंदुकीची भीती डोळ्यांसमोर उभी राहते. बुरशीची भीती तशी राहत नाही.

आणि संकटानेही न हलणारी गावे आहेत. आयडाहो राज्यात अजूनही दोन-तृतीयांशांची अट आहे. तिथल्या सॅमन या डोंगराळ गावाने वीसेक वर्षांत डझनभर वेळा शाळेच्या रोख्यांना नकार दिला. प्राथमिक शाळेचा पाया ढासळत होता, सांडपाणी तुंबत होते. लोक दुष्ट होते असे नाही. आजूबाजूची बरीच जमीन केंद्र सरकारची, तिच्यावर कर नाही, म्हणून सगळा भार थोड्या घरांवर. शाळाइमारतींचा भार असा स्थानिक करावर टाकण्याची पद्धत आयडाहोच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच घटनाबाह्य ठरवली होती. निकाल लागला आणि फायलीत राहिला. अखेर पत्रकारांनी शाळाशाळांतले फोटो छापल्यावर २०२४ मध्ये राज्याने दहा वर्षांसाठी मोठी रक्कम बाजूला काढली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात सॅमननेही दोन कोटी डॉलरना होकार दिला. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात अट ६० टक्क्यांची. कोलंबिया नदीकाठचे वाकायकम हे चिमुकले डिस्ट्रिक्ट ‘आमची ऐपतच नाही, राज्याने बांधून द्यावे’ म्हणत न्यायालयात गेले. २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घटनेप्रमाणे बांधकामाचा खर्च राज्यावर बंधनकारक नाही. न्यू जर्सीच्या न्यायालयाने १९९८ मध्ये गरीब शहरी डिस्ट्रिक्टांच्या इमारतींचा पूर्ण खर्च राज्यावर टाकला होता. देश एक, पण मुलाच्या डोक्यावरचे छप्पर कोणत्या न्यायाधीशासमोर खटला उभा राहिला यावर ठरते.

ऐपतीचा हा प्रश्न मराठी माणसाला सर्वांत जवळून दिसतो तो सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या परिसरात. फ्रीमाँट, सनीव्हेल, क्युपर्टिनो इथे आपली माणसे घर घेतात ती मुख्यतः शाळा पाहून. समजा नव्याने आलेल्या एका कुटुंबाने २० लाख डॉलरना घर घेतले. ५५ टक्क्यांच्या नियमात एका वेळच्या प्रस्तावाचा अंदाजित कर लाखामागे ६० डॉलरपर्यंत असू शकतो. म्हणजे वर्षाला १,२०० डॉलर. शेजारी तसेच घर, पण आजी-आजोबांनी चाळीस वर्षांपूर्वी घेतलेले. १९७८ च्या नियमामुळे त्याची कागदोपत्री किंमत ४ लाख. त्यांना २४० डॉलर. मतदानाच्या दिवशी आजी-आजोबा दोघेही मत देतात. नव्या घरातले नवरा-बायको एच-वन व्हिसावर किंवा ग्रीनकार्डच्या रांगेत असतील, तर पाचपट कर भरूनही त्यांच्या घरी मतपत्रिका येत नाही. त्यांची मुले त्या वर्गात बसतात, शनिवार-रविवारी मराठी शाळाही कित्येक ठिकाणी अशाच भाड्याच्या वर्गांत भरते, पण निर्णय शेजारचे घेतात. तरीही या भागात घरांच्या किमतीच इतक्या आहेत की लाखामागे थोड्या डॉलरांतही डोंगराएवढी रक्कम उभी राहते. मध्य कॅलिफोर्नियाच्या शेतमजुरांच्या गावात तोच दर लावून चार वर्गांचे छप्परही होत नाही. त्यात राज्याची मदत स्थानिक वाट्याच्या प्रमाणात मिळते, म्हणजे ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी. २०२४ च्या प्रस्तावाने गरीब डिस्ट्रिक्टांचा वाटा पाच टक्क्यांपर्यंत हलका केला. उपाय आहे, पण तुटपुंजा.

म्हणून माझे मत सांगतो. नवे नाट्यगृह, तरणतलाव, मैदान यांसाठी लोकांना जरूर विचारा. गळके छप्पर, शिसे, भूकंपात तग न धरणाऱ्या भिंती यांवर मतदान घेणे चूक आहे. कॅलिफोर्नियाने २००२ मध्ये जुन्या इमारतींची यादी केली, तेव्हा १९७८ पूर्वीच्या ७,५३७ इमारती मोठ्या भूकंपात नीट टिकणार नाहीत अशा निघाल्या. २००६ मध्ये त्यांच्यासाठी जवळपास २० कोटी डॉलर वेगळे ठेवले. अटी इतक्या कडक की ते पैसे वर्षानुवर्षे खर्चच होईनात. अशा कामाला राज्याच्या तिजोरीतून दरवर्षी ठरलेली रक्कम हवी, वीज-पाण्याच्या बिलासारखी.

पण इथे आपण फार ताठ मानेने बोलू नये. अमेरिकेत विचारतात तरी. यादी छापली जाते, विरोधकाचा युक्तिवाद मतदारांच्या माहितीपुस्तिकेतच छापला जातो, समिती हिशेब मागते. आपल्याकडे पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीयोजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे काढले, तेव्हा पुणेकरांचे मत कुणी विचारले नव्हते. जिल्हा परिषदेच्या शाळेत पडायला आलेल्या खोलीचा निर्लेखन प्रस्ताव जातो. खोली कागदोपत्री मोडीत निघेपर्यंत ती पाडता येत नाही आणि नवी मिळत नाही, तोवर वर्ग व्हरांड्यात. मधल्या काळात गुरुजी लोकवर्गणी काढतात आणि तिच्यातून बोलक्या भिंती रंगतात, टीव्ही संच येतो. छपरासाठी वर्गणी मागितली की गाव म्हणते, ते सरकारचे काम. ते स्टेडियम आणि या रंगीत भिंती यांत मला फारसा फरक दिसत नाही. राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात पिपलोदी गावी २५ जुलै २०२५ च्या सकाळी शाळेचे छप्पर कोसळून सात मुले गेली. लाँग बीचच्या मुलांना संध्याकाळच्या वेळेने वाचवले होते. इथे शाळा भरलेली होती.

शहरात राहत असाल तर घरपट्टीचे बिल काढून पाहा. त्यात शिक्षण कराची एक ओळ असते, १९६२ च्या कायद्यापासून चालत आलेली. मतदान न करता आपण तो भरतो. आणि गावी शाळा व्यवस्थापन समितीवर असाल, तर पुढच्या बैठकीत एवढेच विचारा: आपल्या किती खोल्यांचा निर्लेखन प्रस्ताव गेला आहे, कोणत्या तारखेला गेला, आणि सध्या कोणाच्या टेबलावर आहे. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.